नावाची पट्टी नसलेले जुने हाय-फाय स्पीकर कोणाचे आणि कधीचे, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: जुन्या लाकडी स्पीकरची जोडी हाती आलीय, पुढची नावाची पट्टी गायब आहे, मागच्या लेबलवर '८ ओम' आणि अर्धवट पुसलेला नंबर एवढंच उरलंय. प्रत्येक पेटीत तीन गोल आहेत, त्यातल्या खालच्या मोठ्यातून काहीच वाजत नाही. मेकॅनिक म्हणतोय, 'तो गेलाय, दुसरा बसवून देतो.' शिवाय हे स्पीकर अॅम्पला (अॅम्प्लिफायरला) लावायचे का, हेही तुम्ही विचारलंय.

मेकॅनिकला आधी थांबवा.

दोन्ही पेट्यांमधला नेमका एकच, तोही खालचाच गोल मुका असेल, तर तो बिघडला असण्यापेक्षा मुळातच मुका असण्याची शक्यता जास्त. याला पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. सेलेस्टियन कंपनी त्याला 'ऑक्झिलरी बास रेडिएटर', थोडक्यात एबीआर म्हणायची, आणि तिच्या डिटन १५, डिटन ६६ या मॉडेलांत तो होता. दिसायला वूफरसारखाच, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या गोलासारखाच, पण मागे ना मॅग्नेट, ना कॉइल, ना वायर. खरा वूफर हलला की पेटीतली हवा त्याला हलवते आणि खालचे सूर त्यातून भरून येतात. तपासायला पेटी उघडावीही लागत नाही. चालू वूफरच्या कोनावर, म्हणजे पुढच्या शंकूसारख्या पडद्यावर, मधल्या टोपीच्या दोन्ही बाजूंना बोटं टेकवून अगदी हलके, सरळ आत दाबा. खालचा गोल त्याच वेळी बाहेर सरकला तर तो पॅसिव्ह आहे आणि ठणठणीत आहे. त्या जागी खरा वूफर बसवला तर पेटीचं सगळं गणितच बिघडेल.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की ओळख पटेपर्यंत काहीही बदलू नका. ना कॅपॅसिटर, ना कापड, ना पॉलिश. जुन्या स्पीकरची ओळख पुढच्या पट्टीवर नसते. पट्टी कोणीही चिकटवतो. मोठ्या नावाशी मिळतंजुळतं नाव, शेकडो वॉटचा दावा आणि आत क्रॉसओव्हरच्या (सूर वेगवेगळ्या गोलांत वाटून देणाऱ्या सर्किटच्या) नावाखाली एकच कॅपॅसिटर, असला माल जगभर विकला गेलाय. खरी ओळख ड्रायव्हरच्या, म्हणजे प्रत्यक्ष वाजणाऱ्या गोलाच्या, पाठीवर असते.

तेव्हा वूफर काढून बघा. पेटी पाठीवर आडवी ठेवा, म्हणजे स्क्रू सुटल्यावर वूफर खाली पडणार नाही. स्क्रू-ड्रायव्हर निसटून कोन फाटण्याचे प्रकार इतके होतात की कोनावर जाड पुठ्ठा धरूनच स्क्रू फिरवावेत. वूफर जुन्या पुट्टीने चिकटलेला असेल तर उपसू नका, हेअर ड्रायरने कडा कोमट करा आणि पातळ पट्टी सरकवत सोडवा. काही पेट्यांत वूफर पक्का चिकटवलेलाच असतो, तिथे हट्ट सोडून द्या. आत काचेची लोकर निघू शकते, हातमोजे आणि मास्क हवाच. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा. कोणती वायर कुठल्या टोकाला होती हे नंतर आठवत नाही.

आता मॅग्नेट आणि लोखंडी सांगाडा नीट बघा. अमेरिकन ड्रायव्हर असेल तर सहा किंवा सात आकड्यांचा एक शिक्का सापडेल. ही ईआयए या उद्योगसंघटनेची पद्धत: आधी कारखान्याचा क्रमांक, मग साल, मग त्या सालातला आठवडा. जेन्सनचा क्रमांक २२०, सीटीएसचा १३७, युटाचा ३२८, ऑक्सफर्डचा ४६५, अल्टेकचा ३९१, एमिनन्सचा ६७. '१३७६५३३' असं दिसलं तर सीटीएसने १९६५ च्या ३३ व्या आठवड्यात बनवलेला ड्रायव्हर. '२२०६३२' असेल तर जेन्सन, ३२ वा आठवडा, पण सालाचा एकच आकडा ६, म्हणजे १९५६ की १९६६ हे शिक्का सांगत नाही.

हा पेच पेटीवरचं लेबल सोडवतं. कंपनीच्या पत्त्यात झिप कोड असेल तर लेबल १९६३ च्या आधीचं नाही, कारण अमेरिकेत झिप कोड त्या साली आला. 'वेस्ट जर्मनी' छापलेलं असेल तर १९९० च्या आधीचं. सीई ही खूण असेल तर माल नव्वदच्या दशकातला किंवा नंतरचा, मग विकणारा कितीही 'सत्तरचा आहे' म्हणो. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. ध्वनिशास्त्रातलं काहीही न कळता, नुसत्या पत्त्यावरून माणूस दशकापर्यंत पोचतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ड्रायव्हर बनवणारा आणि स्पीकर बनवणारा एकच असतो असं नाही. सीटीएस, युटा, एमिनन्स यांचे ड्रायव्हर कितीतरी कंपन्यांच्या पेट्यांत बसले. ब्रिटनमध्ये केईएफ कंपनीचं तसंच. तिच्या बी११० वूफरवर 'एसपी १००३' आणि टी२७ ट्वीटरवर (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या गोलावर) 'एसपी १०३२' दिसलं, आणि पेटी पुस्तकांच्या कप्प्यात मावेल एवढी असली, तर कान टवकारा. ही जोडी बीबीसीच्या एलएस३/५ए या मॉनिटरमधली, म्हणजे ध्वनी तपासायच्या स्पीकरमधली, आणि तो रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल, हार्बेथ अशा वेगवेगळ्या नावांनी परवान्यावर बनत होता. त्यात ओमचा आकडाही बोलतो: आधीचे १५ ओमचे, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासूनचे ११ ओमचे. सेलेस्टियनचा एचएफ१३०० ट्वीटर तिच्या स्वतःच्या डिटन १५ मध्ये होता आणि स्पेंडॉर बीसी१ मध्येही. म्हणजे एका ड्रायव्हरवरून निकाल लावू नका. वूफर, ट्वीटर आणि पेटीची मापं, तिन्ही जुळली तरच नाव घ्या.

आणि कधी कधी पेटीला नाव नसतंच, कारण ती कुणीतरी घरी बनवलेली असते. टॅनॉय, वॉर्फडेल, गुडमन्स सुटे ड्रायव्हर विकायचे आणि हौशी लोक सुताराकडून पेट्या करून घ्यायचे. अशा वेळी पेटी मामुली आणि आतला माल अस्सल असू शकतो. टॅनॉयच्या ड्युअल कॉन्सेंट्रिकमध्ये, ज्यात ट्वीटर वूफरच्या पोटातच बसवलेला असतो, पिढ्या रंगावरून ओळखतात: ब्लॅक, सिल्व्हर, रेड, मग गोल्ड. गोल्ड १९६७ ते १९७४ चा, त्यानंतर एचपीडी. साधी दिसणारी पेटी म्हणून लोकांनी हे कवडीमोलाने दिलेलं आहे.

मॅग्नेटचा आकारही साल सुचवतो. लहान व्यासाचा, उंच, डब्यासारखा दिसला तर बहुधा अल्निको या मिश्रधातूचा. दोन लोखंडी चकत्यांमध्ये दाबलेली रुंद काळी चकती दिसली तर फेराइट. अल्निकोत कोबाल्ट लागतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी झाईरमधल्या (आताच्या डीआर काँगोमधल्या) लढाईमुळे कोबाल्ट महागलं आणि अल्निकोवर अडून बसलेल्या कंपन्याही फेराइटकडे वळल्या. फेराइट त्याआधीही होतंच, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण अल्निको दिसलं तर तुमची जोडी त्या काळाच्या आधीची असण्याचा संभव मोठा. अल्निको म्हणजे जादू, असं मात्र मी मानत नाही.

आता अ‍ॅम्पला लावायचं का, हा तुमचा दुसरा प्रश्न. आधी वूफरच्या कडेची लवचिक पट्टी, म्हणजे सराउंड बघा. तो फोमचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने दहा-वीस वर्षांत चुरा होतो, वापरला नाही तरी. बोट लावल्यावर चिकट काळी भुकटी आली तर लावूच नका, कोन तिरका होऊन कॉइल घासेल आणि दुरुस्तीच्या पलीकडे जाईल. सराउंड बदलता येतो, ते बरंचसं हातचं काम आहे. सराउंड रबराचा किंवा लेप दिलेल्या कापडाचा असेल तर तुमचं नशीब, तो पन्नास वर्षांनीही नीट असू शकतो. कापडाचा चिकट लागला तर 'साफ' करू नका, तो चिकटपणा मुद्दाम दिलेला असतो.

मग मल्टिमीटर. अ‍ॅम्प न जोडता मागच्या दोन टोकांवर लावा. ८ ओमच्या स्पीकरला साधारण साडेपाच ते सात, ४ ओमच्याला तीन-साडेतीन दाखवेल. लेबलपेक्षा कमी दिसणं बरोबरच आहे, मीटर फक्त तारेचा रोध मोजतो. एकच्या खाली असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच दाखवत नसेल तर वायर, फ्यूज किंवा कॉइल तुटलीय. दोन पेट्यांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. यानंतर साध्या दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर टोकांना स्पर्श करा. अधिक टोक लाल बाजूला लावलं की वूफर बाहेर यायला हवा. दोन्ही पेट्यांत दिशा एक आहे का, हे जास्त महत्त्वाचं. जुन्या जेबीएलमध्ये वूफर आत जातो, त्यांनी उलटी पद्धत ठेवली होती. तिथे कुणी आतल्या वायरी 'सुधारायला' गेलं तर चांगलं काम बिघडतं.

एवढं जमलं तर साध्या अ‍ॅम्पला लावून हळू आवाजात ऐका. ट्वीटर मंद वाटला तर संशय आधी कॅपॅसिटरवर घ्या, ट्वीटरवर नंतर. जुन्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बायपोलर, म्हणजे अधिक-उणे टोकांचा भेद नसलेले, असतात आणि ते सुकतात. बदलायचे झाले तर त्याच मूल्याचे, बायपोलरच, आणि दोन्ही पेट्यांत एकदम. महागडे फिल्म कॅपॅसिटर घातले की कधी कधी वरचे सूर टोचायला लागतात आणि लोक त्याला 'सुधारणा' म्हणतात. जुने काढले तर फेकू नका, पुडीत बांधून पेटीतच ठेवा.

दोन ठिकाणी मात्र हात आवरा. क्वाडचे १९५७ पासूनचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर, जे पेटीऐवजी रेडिएटरसारखे सपाट दिसतात, त्यांच्या आत हजारो व्होल्ट असतात. आणि यामाहा एनएस-१०००एम चे मधले व वरचे घुमट बेरिलियमचे आहेत. फुटलेल्या घुमटाची धूळ विषारी, ती झाडायलाही जाऊ नका.

पुढे शिकायचं असेल तर जुनी माहितीपत्रकं आणि सर्व्हिस मॅन्युअल वाचा, बरीचशी स्कॅन करून ठेवलेली मिळतात, आणि त्यात ड्रायव्हरचे नंबर व क्रॉसओव्हरची आकृती असते. बंद पेटी की भोकाची, हेही बघत चला. १९५४ मध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही स्पीकर कंपनी काढली आणि बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान पेटीतून खोल बास काढला. भोकाच्या पेटीचं नीट गणित नेव्हिल थील या इंजिनिअरने १९६१ मध्ये मांडलं, पण ते सर्वदूर पोचलं सत्तरच्या दशकात, रिचर्ड स्मॉल या संशोधकाच्या कामासोबत. त्याआधीच्या भोकाच्या पेट्या पुष्कळशा अंदाजाने बनल्यात, काही सुरेख, काही घुमणाऱ्या. मोजायचा नाद लागला तर एक मापाचा माइक आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

तूर्तास तीन फोटो टाका: मागचं लेबल तिरक्या उजेडात, वूफरची पाठ, आणि क्रॉसओव्हर. पुसलेला नंबर टॉर्च आडवा धरला की बऱ्याचदा वाचता येतो. नंबर लिहिताना पुढचं-मागचं अक्षरही गाळू नका, पेटीची उंची-रुंदी-खोली द्या, आणि दोन्ही पेट्यांचे सिरियल नंबर वेगवेगळे लिहा. ते लागोपाठचे निघाले तर निदान जोडी मूळचीच आहे एवढं तरी लगेच कळेल.