गायरानातील कुसळी : जाळावी की वेळेत कापावी?

प्रश्न : बेळगाव जिल्ह्याच्या चिक्कोडी आणि हुक्केरी तालुक्यांतील काही शेतकरी व मेंढपाळ बांधवांनी विचारले आहे की, बांधावर व गायरानात कुसळी हे गवत फार माजले असून त्याची कुसळे (बियांची टोकदार, केसासारखी शेपटे) मेंढ्यांच्या लोकरीत आणि जनावरांच्या तोंडात रुततात, उन्हाळ्यात माळ पेटवल्यास ते नष्ट होईल काय? कुसळी म्हणजेच पवन्या, हे खरे काय?

उत्तर : कुसळी आणि पवन्या ही वेगळी गवते आहेत. कुसळीचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस असून पवन्या सेहिमा या दुसऱ्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) मोडते. कुसळीच्या ठोंबाच्या बुडाशी पानांची आवरणे चपटी व पाठीवर उभा कणा असलेली असतात, आणि ताटाच्या शेंड्याला येणाऱ्या एकेरी कणसाची काळपट तपकिरी कुसळे पक्व होताना एकमेकांत गुंतून त्यांची वेणी होते. पवन्याची कुसळे बारीक व फिकट असतात आणि त्यांची अशी वेणी होत नाही.

हेटेरोपोगॉन या प्रजातीच्या नावाचा ग्रीक अर्थ 'वेगळी दाढी' असा आहे, कारण एकाच कणसात खालच्या कणिशकांच्या (कणसातील छोट्या फुलगुच्छांच्या) जोड्या बिनकुसळ्या, तर वरच्या प्रत्येक जोडीतील देठ नसलेले फलधारी कणिशक कुसळयुक्त असते. प्रजातीत मोजक्याच जाती असल्या तरी कुसळी आफ्रिका, दक्षिण आशिया व ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रदेशांत दूरवर पसरलेली असून हवाई बेटांवर तिने घरे शाकारण्याची रीत होती. हेटेरोपोगॉन रिचिआय ही जाती मात्र भारतापुरतीच मर्यादित आहे.

कुसळ साधारण ५ ते १० सेंटिमीटर लांब असते. दमट हवेत कुसळाचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने टोकदार बुडाचे बी गिरमिटासारखे मातीत शिरते. बुडावरील ताठ केस मागे वळलेले असल्याने ते परत निघत नाही. मेंढीच्या कातडीत ते शिरते तेही याच रीतीने. मातीत असे गाडले गेलेले बी वणव्यातून वाचते, म्हणून माळ पेटवल्याने कुसळी हटत नाही, उलट तिलाच मोकळी जागा मिळते. माळ पेटवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

उपटण्याचीही घाई करू नये, कारण उतारावरील मुरमाड जमीन कुसळीचीच मुळे धरून ठेवतात. मुळात अतिचराईने पवन्या व मारवेल ही चाऱ्याची गवते मागे पडली की त्यांची जागा कुसळी घेते, तेव्हा उपाय चराईतच शोधावा लागेल. कोवळी कुसळी जनावरे आवडीने खातात. म्हणून कणसे बाहेर पडण्यापूर्वी, बहुधा सप्टेंबरातच, ती कापून वैरण वाळवावी. कुसळे धरल्यावर कापलेल्या गवताचा कस उतरतो आणि गंजीतही कुसळे राहतात. गायरानाचा एक भाग आळीपाळीने पावसाळाभर बंद ठेवावा व जुलैच्या भिज पावसात तेथे मारवेलचे ठोंब लावावेत. चारा गवतांविषयी मार्गदर्शनासाठी भारतीय चराई व चारा संशोधन संस्थेच्या धारवाड येथील केंद्राकडे विचारणा करता येईल.

कुसळे पिकलेल्या माळावर मेंढ्या नेऊ नयेत. नेणे भागच पडल्यास संध्याकाळी खुरांच्या बेचक्या, डोळे व ओठांच्या आतली बाजू पाहावी, आणि सूज किंवा पू दिसल्यास पशुवैद्यकाला लगेच दाखवावे.