घर सासूच्या नावावर, मग डिपॉझिट कोण भरणार?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमची ओळख पटेल असं सगळं गाळून वाचकांसाठी ते थोडक्यात सांगतो. लग्नाला १५ वर्षं झाली. नवरा नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात कायम कामगार आहे. सिडकोतलं रो-हाऊस सासूबाईंच्या नावावर आहे. त्यावर वरचा मजला चढवला तेव्हा तुमचे दागिने गहाण पडले, ते सुटले नाहीत. मार सुरुवातीपासूनचा आहे. या वेळी मनगट मोडलं, तेव्हा दोन्ही मुलांना घेऊन पंचवटीत बहिणीकडे आलात. बहिणीची एकच खोली आणि स्वयंपाकघर, त्यात आता सात माणसं. पोळी-भाजी केंद्रातून महिन्याला आठ हजार मिळतात. एक खोली पाहिलीत, तिचं भाडं साडेसहा हजार आणि डिपॉझिट पंचवीस हजार. नवरा स्टॅम्प पेपर घेऊन आलाय: "पन्नास हजार घे, सही कर, विषय संपव." सासूबाईंनी प्रांत कार्यालयात अर्ज केलाय की सुनेचा या घराशी संबंध नाही, तिनं सामान उचलावं आणि परत पाऊल ठेवू नये. आणि शेवटी तुमचा प्रश्न: "आमच्यासारख्या बायकांना घरासाठी सरकारकडून पैसे मिळतात का?"

आधी त्याचंच उत्तर देतो, कारण खोट्या आशेवर दोन महिने हेलपाटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. खोलीचं डिपॉझिट भरायला थेट रोख देणारी योजना तुमच्या बाबतीत नाही. सरकार छप्पर देतं, पैसे देत नाही. नाशिकच्या 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये तातडीचा निवारा मिळतो, पण तो पाचेक दिवसांचा. त्यापुढे लांबच्या मुक्कामासाठी शक्ती सदन, म्हणजे पूर्वीचं स्वाधार गृह. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे निवारागृहाला मागणी आली की जागा द्यावीच लागते. आधी तक्रार नोंदवली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. तुम्ही तिथे आहात हे नवऱ्याला कळू नये असं सांगितलंत तर तेही पाळावं लागतं.

पण तुमची अडचण वेगळीच आहे, आणि ती पत्रात तुम्ही एका ओळीत उरकली आहे. मुलगा १३ वर्षांचा. अशा ठिकाणी आईसोबत मुलगी कितीही वयाची चालते, मुलगा मात्र साधारण १२ वर्षांपर्यंतच. हा नियम कागदावर बसून केलेला आहे, आणि घर सोडणारी आई पोराचं वय बघून घर सोडत नाही. म्हणून निवारागृह तुमच्यासाठी शेवटचा पर्याय ठेवा. बहिणीकडे धोका वाढला, नवरा दारात येऊन धिंगाणा घालू लागला, तर ११२ ला फोन करा, महिला हेल्पलाइन १८१ वरून सखी सेंटर गाठा, आणि मुलाला तेवढे दिवस बहिणीकडेच ठेवा. बहिणीचे यजमान चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

संजय गांधी निराधार योजनेबद्दलही विचारलंत. पोटगी न मिळणाऱ्या आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या महिला त्यात येतात, रक्कम महिना १,५०० रुपये. पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१,००० आहे. तुमच्या आठ हजारांच्या पगारानं तुम्ही तिथे अपात्र ठरता. लाडकी बहीणचे पैसे येत असतील तर आज एवढंच करा: त्या खात्याचं एटीएम कार्ड कोणाकडे आहे आणि मेसेज कोणाच्या मोबाईलवर जातो, ते बघा.

मग पैसा कोणाचा? नवऱ्याचा. तुमच्या प्रकरणात खरा निधी म्हणजे अंबडच्या कारखान्यातला त्याचा पगार. तो मिळवायचा रस्ता २००५ च्या याच कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बऱ्यापैकी तपशिलात लिहिलेला आहे, फक्त तो वापरताना आकडे मांडायचे असतात, आणि तिथेच बहुतेक अर्ज ढिले पडतात.

कलम १९ वाचा. दंडाधिकारी नवऱ्याला सांगू शकतात की हिला राहत्या घराच्या तोडीचं दुसरं घर मिळवून दे किंवा त्याचं भाडं भर. पुढे पोटकलम ६ मध्ये भाड्याबरोबर 'इतर देणी' असेही शब्द आहेत. घर मिळवून द्यायचं म्हणजे डिपॉझिट आलंच, असा मी युक्तिवाद करतो. प्रत्येक न्यायाधीश तो मान्य करतीलच असं नाही. म्हणून तीच रक्कम कलम २० खाली, आर्थिक मदत म्हणून, पर्यायी मागणीत पुन्हा लिहायची. 'अर्जदारास योग्य ते घरभाडे मिळावे' असं मोघम वाक्य लिहू नका. त्यावर मोघमच हुकूम होतो. लिहायचं ते असं: भाडं ६,५००, डिपॉझिट २५,०००, दोन मुलांची शाळा, रिक्षा, वह्या-पुस्तकं, मनगटाच्या एक्स-रे आणि प्लास्टरचा खर्च, प्लास्टरमुळे कामावर जाता आलं नाही त्या दिवसांचा बुडालेला पगार. कलम २० मध्ये बुडालेली कमाई आणि औषधपाणी दोन्ही स्पष्ट लिहिलंय. खोलीमालकाचा भाड्याचा मेसेज असेल तर जपून ठेवा. नसेल तर पाहिलेल्या दोन-तीन खोल्यांचा पत्ता, मालकाचं नाव आणि सांगितलेली रक्कम एका कागदावर तारखेसह लिहून काढा.

आणि ताई, 'तोडीचं घर' हा शब्द हलक्यात घेऊ नका. सिडकोतल्या दोन मजली घरातून निघालेल्या बाईनं एका खोलीवर भागवावं, असं कायदा म्हणत नाही. तुम्ही साडेसहा हजारांची खोली पाहिलीत ती तुमच्या आठ हजारांच्या पगाराच्या हिशेबानं. अर्जात हिशेब त्याच्या पगाराचा आणि त्या घराचा करायचा असतो.

त्याचा पगार किती, हे तुम्हाला नक्की ठाऊक नाही असं दिसतं. "हातात बावीस-तेवीस येतात म्हणतो" असं लिहिलंय. कायम कामगाराच्या बाबतीत 'हातात' या शब्दावर मी विश्वास ठेवत नाही. सोसायटीचं कर्ज, पतसंस्थेचे हप्ते, उचल, सगळं कापून राहतं ते 'हातात'. ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस तर घरी सांगायची पद्धतच नाही. सातपूर-अंबडमध्ये युनियनचा वेतनकरार झाला की पगारवाढीचा आकडा स्थानिक पेपरात येतो, तोही शोधा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची असंही सांगितलं. म्हणजे अर्ज जितका लांबवाल तितके महिने तुमचे बुडतात. हुकूम होऊनही त्यानं पैसे दिले नाहीत, तर कलम २० मध्येच सोय आहे: दंडाधिकारी कंपनीला सांगू शकतात की पगारातला ठराविक हिस्सा थेट बाईला द्या किंवा कोर्टात भरा. कंपनीच्या एचआरला कोर्टाचा कागद गेला की भलेभले नरमतात.

आता घराचं. "घर आईच्या नावावर आहे, तुझा काय संबंध" हे वाक्य नाशिकमध्ये मी इतक्यांदा ऐकलंय की नवऱ्यांना ते कोणी शिकवतं की काय, असं वाटतं. त्याला एके काळी आधार होता. २००६ च्या शेवटी 'बत्रा' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क मागता येत नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं 'सतीशचंद्र आहुजा' प्रकरणात तो निकाल बाजूला सारला. ज्या घरात तुम्ही लग्नानंतर संसार केलात ते सामाईक घर, मग कागदावर नाव सासूचं असो की सासऱ्यांचं. मालकी तुमची होत नाही, राहण्याचा हक्क मिळतो. शिवाय वृद्ध मालकांची बाजूही कोर्ट तोलतं.

तरीही माझं मत विचाराल तर त्या घरात परत जाऊ नका. कलम १९ खाली कोर्ट नवऱ्याला घराबाहेर काढू शकतं, पण बाईला घराबाहेर काढायचा हुकूम त्याच कलमानं देता येत नाही. म्हणजे नवरा गेला तरी सासूबाई राहणार, पाण्याची मोटर त्यांच्याकडे, जिन्याची किल्ली त्यांच्याकडे. काही बायकांना ते जमतं, आणि ज्यांना जमतं त्यांनी जावं. तुमचं मनगट मोडलं तेव्हा सासूबाई जिन्यावर उभ्या होत्या असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी 'नको' म्हणतो. राहण्याचा हक्क अर्जात जरूर मांडा, आणि धोका असल्यानं त्याच्या बदल्यात भाडं मागा. हक्कच मांडला नाही तर बदल्यात काही मागता येत नाही. घर विकू नये, गहाण टाकू नये असा मनाईहुकूमही त्यात मागून ठेवा.

म्हणूनच प्रांत कार्यालयातली तारीख चुकवू नका. सासूबाईंचा अर्ज २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखालचा आहे. हे न्यायाधिकरण झटपट चालतं, तुम्ही गैरहजर राहिलात तर एकतर्फी आदेश होईल. तिथे लेखी म्हणणं द्या: आपण त्या घरात १५ वर्षं राहिलो, कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज केला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये 'वनिता' प्रकरणात सांगितलंय की ज्येष्ठ नागरिक कायद्याचा वापर करून सुनेचा राहण्याचा हक्क मोडीत काढता येणार नाही. हे म्हणणं नीट उभं राहायला दंडाधिकाऱ्यांकडचा अर्ज त्या तारखेच्या आधी दाखल झालेला बरा.

दागिने. माहेरहून आलेलं सोनं हे स्त्रीधन आहे आणि ते एकट्या तुमचं. नवऱ्यानं अडचणीला वापरलं तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. वरचा मजला त्या सोन्यावर उभा आहे, हे पावतीवरून दाखवता येतं. गोल्डलोन तुमच्या नावावर होतं की त्याच्या? तुमच्या नावावर असेल तर त्या शाखेत जाऊन खात्याचा उतारा मागा, आणि लिलाव झाला असेल तर त्याच्या नोटिशीची प्रतही. ती रक्कम अर्जात वेगळी मागा, पोटगीत मिसळू नका. लॉकर सामाईक असेल तर कलम १८ खाली तो कोर्टाच्या परवानगीशिवाय उघडायला मनाई मागता येते.

तो स्टॅम्प पेपर. त्यावर सही करू नका. हिंदू विवाह नोटरीच्या कागदावर मोडत नाही. काही समाजांत रूढीची सोडचिठ्ठी असते, पण ती रूढी सिद्ध करावी लागते. म्हणजे त्या सहीनं घटस्फोट होणार नाही, फक्त 'घर, दागिने, पोटगी यावर हक्क सोडला' हे वाक्य तुमच्या हस्ताक्षराखाली राहील आणि पुढची पाच वर्षं ते उलटतपासणीत तुमच्यापुढे धरलं जाईल. पन्नास हजार म्हणजे तुमच्या पाहिलेल्या खोलीचं डिपॉझिट आणि चार महिन्यांचं भाडंही नाही.

वकिलाच्या फीबद्दलही विचारलंत. जुन्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करूनही विचारता येईल. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेलात तर ते घटनेचा अहवाल करून देतील. तो नसला तरी अर्ज अडत नाही, हे २०२२ मध्ये 'प्रभा त्यागी' प्रकरणात स्पष्ट झालंय. पंचवटीत तुम्ही तात्पुरत्या राहता, तेवढं नाशिकच्या कोर्टाला अधिकार असायला पुरेसं आहे. मारहाणीची वेगळी फिर्याद द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. या अर्जासाठी तिची अट नाही.

कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत. तसं होत नाही. म्हणून अर्जासोबतच कलम २३ चा अंतरिम अर्ज शपथपत्रासह लावायचा आणि भाडं, डिपॉझिट, मुलांच्या शाळेजवळ येण्यास मनाई एवढं त्यात आधी मागायचं. मनाईचा हुकूम त्यानं मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हुकुमाची प्रत तुम्हाला फुकट मिळते, ती पंचवटी पोलीस ठाण्यात आणि शाळेत देऊन ठेवा.

जाताना सिव्हिल हॉस्पिटलचे केसपेपर, आधार, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, गोल्डलोनची पावती न्या. मूळ कागद सिडकोतच राहिले असतील तर एकट्या आणायला जाऊ नका. ते परत देण्याचा हुकूमही याच अर्जात मागता येतो. धमक्यांचे मेसेज डिलीट करू नका, मोबाईल बदलू नका. ते मेसेज पुरावा म्हणून द्यायला पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते वकील करून घेतील.

प्रांताच्या नोटिशीवरची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. आधी ती बघा, मग विधी सेवा कार्यालयात जायचा दिवस ठरवा.