उसना आणलेला कोड

अनेक आशीर्वाद.

तुझा पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, पाहिला. आपल्या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॉन्ट्रिब फोल्डरमधल्या एक्सझेडच्या (फायली आकसून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फायली उघडून तू कंपायलरने, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, दिलेल्या सहा वॉर्निंग घालवल्यास, वर सगळं इंडेंटेशन (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) आपल्या पद्धतीचं करून टाकलंस. काम नीटनेटकं आहे, तरी मी ते घेणार नाही. रागावू नकोस, कारण सांगतो.

कॉन्ट्रिबमधला कोड आपला नाही, उसना आणलेला आहे. त्याचे मालक बाहेर आहेत आणि उद्या ते नवी आवृत्ती काढतील. त्या दिवशी तू सरळ केलेली एकेक ओळ मर्जमध्ये, म्हणजे त्यांचे आणि आपले बदल एकत्र करताना, आडवी येईल. कुठली ओळ गरजेपोटी बदलली आणि कुठली नुसती सुबक दिसावी म्हणून, हे तेव्हा तुलाही आठवायचं नाही. माझं झालंय तसं. पहिल्या नोकरीत झेडलिब या अशाच एका उसन्या लायब्ररीची एक प्रत मी अशीच ‘सुधारली’ होती. पुढच्या आवृत्तीच्या वेळी तीन दिवस माझ्याच बदलांचा अर्थ लावत बसलो.

म्हणून इथे कोड दोन पायऱ्यांनी येतो. आधी तो व्हेंडर ब्रांचवर, म्हणजे बाहेरच्या कोडसाठी ठेवलेल्या वेगळ्या शाखेवर, उतरतो: नको त्या फायली गाळलेल्या, पण उरलेल्यांना हात न लावलेला. त्यावर आवृत्तीचा टॅग लागतो. मग गिट (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) वापरून सबट्री मर्जने तो मुख्य ब्रांचच्या कॉन्ट्रिबमध्ये जातो. आपण त्यात काय काय केलंय ते बघायचं, तर या दोन्हींचा डिफ (फरकांची यादी) काढायचा. आपली मेकफाइल, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल, कॉन्ट्रिबमध्ये ठेवत नाहीत; ती वेगळी, लिब फोल्डरखालच्या लिबएलझेडएमएमध्ये (एक्सझेडच्या लायब्ररीच्या फोल्डरमध्ये) असते.

ही नुसती टापटीप नाही, हे एक्सझेडनेच दाखवलं. मार्च २०२४ मध्ये त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारी एम४ फाइल (बिल्डच्या तयारीत वापरली जाणारी) गिटमध्ये नव्हतीच, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये, म्हणजे आवृत्तीच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. बाकीचा माल चाचणीच्या फायलींत दडवलेला. फ्रीबीएसडीच्या विकास शाखेत ५.६.० आलेली होती. पण आणतानाच ते भाग गाळले गेले होते, आणि बिल्डही एक्सझेडवाल्यांच्या स्क्रिप्टने नाही, आपल्या मेकफाइलने होतो. नशीबही होतं म्हणा, हल्ला मुळात लिनक्ससाठी रचलेला होता.

आता उलट बाजू, उसन्या कोडला हात लावल्यावर काय होतं ती. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीतली एक तक्रार मिटवण्यासाठी दोन ओळी बंद केल्या. तक्रार कसली, तर न भरलेली मेमरी वाचली जातेय, एवढीच. पण त्यातल्या एका ओळीतून यादृच्छिक संख्यांच्या साठ्यात भर पडत होती. ती गेल्यावर साठ्यात फरक पाडणारं उरलं काय, तर प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या जेमतेम ३२,७६८ गुप्त किल्ल्या (कीज) निघू शकत होत्या. मे २००८ मध्ये ते उघडकीला आलं. तोवर जगभर त्या किल्ल्या वापरात होत्या. बदल करणारा माणूस आळशी नव्हता, त्याने मूळ प्रकल्पाच्या यादीवर विचारणाही केली होती. पण तो पॅच मूळ कोडमध्ये कधी गेला नाही, डेबियनच्या प्रतीतच राहिला. वॉर्निंग घालवायची म्हणूनच तोही बसला होता, हे मी मुद्दाम सांगतोय.

तुझ्या सहापैकी दोन वॉर्निंग मला खऱ्या वाटतात. त्यांचे दोन वेगवेगळे छोटे पॅच करून थेट एक्सझेडवाल्यांकडे पाठव. त्यांनी घेतले की पुढच्या आवृत्तीबरोबर आपोआप आपल्याकडे येतील. उरलेल्या चार निरुपद्रवी आहेत, त्यांच्यासाठी लिबएलझेडएमएच्या मेकफाइलमध्ये वॉर्निंगची पातळी एकाने उतरव आणि कमिट मेसेजमध्ये का ते लिही. इंडेंटेशन होतं तसं परत कर.