हेडर फाइल सापडत नाही? आधी तिचं नाव वाच

सी प्रोग्राम कंपाइल करताना जीसीसी हा कंपायलर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणत थांबला, म्हणजे 'इन्क्लूड' ओळीतली हेडर फाइल त्याला सापडली नाही, की त्याच ओळीत फाइलचं नाव असतं. ते अक्षर न् अक्षर वाच. 'एसटीडीआयओ' (इनपुट-आउटपुटची प्रमाण हेडर फाइल) ऐवजी 'स्टुडिओ' टाइप होणं नेहमीचंच.

नाव 'कोनिओ डॉट एच' असेल तर ती शोधत बसू नकोस. मुंबईतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी या जुन्या कंपायलरवर चाललेला प्रोग्राम घरी उबुंटूवर इथेच अडतो. ती फाइल डॉसच्या कंपायलरांची, प्रमाण सीमध्ये ती नाहीच. तिची 'इन्क्लूड' ओळ काढ, स्क्रीन पुसणारं 'सीएलआरएससीआर' काढ, एक की वाचणाऱ्या 'गेटसीएच'च्या जागी 'गेटचार' वापर. मात्र आता एंटर दाबावं लागेल. नुसती कोनिओ डाउनलोड करून फोल्डरमध्ये टाकू नकोस. हेडरमध्ये सहसा फंक्शनची फक्त घोषणा असते, कोड नसतो. मग लिंक करताना, म्हणजे फंक्शनचा कोड जोडताना, पुन्हा अडशील.

खुद्द एसटीडीआयओच सापडत नसेल तर उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल' पॅकेज बसव.

फाइल तुझी स्वतःची असेल तर टोकदार कंसाऐवजी दुहेरी अवतरणात नाव दे, म्हणजे शोध सोर्स फाइलच्याच फोल्डरपासून सुरू होतो. ती दुसरीकडे ठेवली असेल तर कमांडमध्ये वजा चिन्ह, कॅपिटल आय आणि त्याला जोडून फोल्डरचा पाथ लिही. लिनक्सवर कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतात, तेही तपास.