१२ वर्षांनी आलेला डिसेंडेंट्स या अमेरिकन पंक रॉक बँडचा अल्बम ऐकावा का, की जुनेच बरे?

जरूर ऐका. २००४च्या ‘कूल टू बी यू’नंतर ‘हायपरकॅफियम स्पॅझिनेट’ आला तो थेट २०१६ मध्ये. मधल्या काळात ड्रमर बिल स्टीव्हन्सनच्या मेंदूतली गाठ काढावी लागली, गायक मायलो ऑकरमन वनस्पतींवर संशोधन करत होता. म्हणूनच मला हा अल्बम फार जवळचा वाटतो. ही माणसं पोरकटपणाचं सोंग आणत नाहीत. एकेकाळी खादाडीवर गाणी करणारे इथे पथ्याबद्दल गातात, आणि वेग तसाच!

रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर, भर पावसाळ्यात, हेडफोन लावून मी तो पहिल्यांदा पूर्ण ऐकला. बहुतेक गाणी दोन-अडीच मिनिटांत संपतात. जुन्यांपैकी १९८२चा ‘मायलो गोज टू कॉलेज’ मात्र आधी ऐका.