आचारसंहिता कायदा नाही, तरी तिचा धाक कसा?

प्रश्न : गेल्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी आमच्या वाडीच्या रस्त्याचे काम ‘आचारसंहिता लागली’ या कारणावरून थांबले. ही संहिता मुळात कायदा नाही, असे वाचनात आले. मग तिला मानायचे कशासाठी, आणि तिचा कायदाच का करीत नाहीत?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. आदर्श आचारसंहिता संसदेने संमत केलेली नाही. १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत पक्षांनी मान्य केलेल्या वर्तननियमांतून ती उगवली, आणि सत्तारूढ पक्षाने सरकारी यंत्रणा प्रचाराला जुंपू नये यासाठीचा भाग तिच्यात १९७९ साली आला. (आज सर्वाधिक ओरड होते ती याच भागाबद्दल.)

तिला कायद्याचे रूप द्यावे, अशी शिफारस संसदीय स्थायी समितीने २०१३ मध्ये केली होती. निवडणूक आयोगाला ते मान्य नाही, आणि माझ्या मते आयोगाचे म्हणणे बरोबर आहे, कारण निवडणूक दीड-दोन महिन्यांत आटोपते, खटला आटोपत नाही. विलेपार्ले येथील १९८७ च्या पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मते मागितली गेली, म्हणून रमेश प्रभू यांची निवड लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली रद्द ठरली खरी. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला डिसेंबर १९९५ मध्ये, आणि तोवर विधानसभेच्या दोन सार्वत्रिक निवडणुका होऊन गेल्या होत्या. याउलट २०१९ च्या लोकसभा प्रचारात आयोगाने योगी आदित्यनाथ यांना ७२ तास आणि मायावती यांना ४८ तास प्रचारबंदी केली, ती प्रचार चालू असतानाच. अर्थात तीही सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर, हे नोंदवायला हवे. पक्षांसाठी आयोगाकडे याहून मोठे हत्यार आहे : निवडणूक चिन्हांसंबंधीच्या आदेशात १९९४ साली घातलेल्या परिच्छेदानुसार संहिता मोडणाऱ्या पक्षाची मान्यता स्थगित करता येते किंवा काढूनही घेता येते. ते म्यानातच राहते, ही गोष्ट वेगळी.

आता आपला रस्ता. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्यापूर्वी जागेवर काम प्रत्यक्ष सुरू झालेले असेल, तर संहितेमुळे ते थांबविण्याचे कारण नव्हते. मात्र कार्यारंभ आदेश निघूनही कुदळ पडलेली नसेल, तर निवडणूक संपेपर्यंत ते सुरू करता येत नाही. तेव्हा कार्यारंभ आदेशाची आणि काम प्रत्यक्ष सुरू झाल्याची, अशा दोन्ही तारखा संबंधित बांधकाम विभागाकडे माहितीच्या अधिकारात मागवाव्यात. काम आचारसंहितेने अडविले की ठेकेदाराने, हे त्यावरून कळेल.