प्रश्न तुमचे: बारावीपर्यंत घरीच शिकवता येईल का?

प्रश्न : मुलगी पहिल्यापासून घरीच शिकते आहे. आठवी संपत आली. पुढे त्रिकोणमिती, रसायनशास्त्र वगैरे सुरू होईल आणि आम्हा दोघांचेही गणित यथातथाच. आई-वडिलांनी बारावीपर्यंत घरी शिकवणे खरोखर जमते का, की इथेच थांबून शाळेत घालावे?

उत्तर : जमते. मात्र पाचवीत जे करत होता तेच नववीत करत राहिलात, तर जमणार नाही. लहानपणी तुम्ही शेजारी बसून शिकवत होता. नववीनंतर शिकवणारे दुसरे कोणी असते: पुस्तक, ध्वनिचित्रफीत, आठवड्यातून एकदा येणारे शिक्षक. आई-वडिलांकडे तीन कामे उरतात. वेळापत्रक सांभाळणे, तपासणे आणि नोंदी ठेवणे. त्रिकोणमिती येत नाही म्हणून घरचे शिक्षण मोडल्याचे फार क्वचित दिसते. या तिन्हींपैकी एक काम सुटले म्हणून मोडल्याचे पुष्कळदा दिसते.

सर्वांत आधी कायदा पाहा, कारण तो देशागणिक बदलतो. जर्मनीत शाळेत जाणेच सक्तीचे आहे. तिथल्या एका कुटुंबाची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००६मध्ये फेटाळली. स्वीडनमध्ये अपवादात्मक परिस्थितीतच परवानगी मिळते. फ्रान्समध्ये पूर्वी नुसते कळवून चालत असे, २०२२च्या शालेय वर्षापासून आधी परवानगी घ्यावी लागते. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे, पण न्यूयॉर्कमध्ये तिमाही अहवाल द्यावे लागतात, तर टेक्साससारख्या राज्यात असे फारसे काही मागत नाहीत. भारतात २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ या वयोगटासाठी आहे. त्यापुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी (किमान वय १४) आणि बारावी (किमान वय १५) देता येते, आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

कायद्याची वाट मोकळी असेल, तर आखणी उलट्या बाजूने करा, म्हणजे शेवटच्या परीक्षेपासून मागे. आधी विषय ठरवायचे, वर्षभर शिकायचे आणि मग परीक्षा केंद्र शोधायचे, ही नेहमीची चूक. बहिःस्थ परीक्षार्थी (शाळेत न जाता थेट परीक्षेला बसणारे) घेणारी केंद्रे मोजकी असतात, आणि जी घेतात तीही प्रात्यक्षिकाचे किंवा प्रकल्पाचे विषय टाळतात. प्रकल्प त्या मुलाचाच आहे याची खात्री कुणी तरी लेखी द्यावी लागते, ती अनोळखी शाळा देत नाही. मुदतीही लवकर संपतात. अमेरिकेतील ‘एपी’ परीक्षा (शाळेत असतानाच द्यायची, महाविद्यालयीन पातळीची) मे महिन्यात असते, पण तिची नोंदणी आदल्या नोव्हेंबरातच आटोपते. म्हणून नववी सुरू होण्यापूर्वी एकच पान लिहून काढा: कोणत्या मंडळाची परीक्षा, कोणते विषय, कोणते केंद्र (त्याचे लेखी ‘हो’), अर्जाची तारीख, प्रात्यक्षिक कुठे. हे पान भरले नाही तर पुस्तके विकत घेऊ नका.

आता तपासणे. उत्तरांची पुस्तिका मुलाच्या हाती असली की मूल उत्तर पाहते, ‘हो, असंच येत होतं’ म्हणते आणि पुढे जाते. त्यात लबाडी नसते, त्याला खरेच तसे वाटते. पुस्तिका तुमच्याकडे ठेवा. गणित येत नसले तरी तपासता येते. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर एक उदाहरण सोडवायला सांगा, प्रत्येक पायरी का केली ते तोंडी विचारा. ‘मग इथून हे येतं’ असे म्हणून जी पायरी उडवली जाते, नेमके तिथेच समजलेले नसते. ते तुम्हाला सोडवता यायला हवे असे नाही, अडखळणे ऐकू यायला हवे. अशा अडलेल्या जागा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि बाहेरच्या शिक्षकाचा तास फक्त त्यांच्यासाठी वापरा. आठवड्याचा एक तास असा वापरला तर पुरतो. तोच तास धडा पहिल्यापासून शिकवण्यात गेला तर चारही पुरत नाहीत.

निबंधलेखन मात्र घरी तपासू नका. आई-वडिलांना मुलाच्या मनातले ठाऊक असते, त्यामुळे कागदावर न उतरलेलेही ते वाचून घेतात. पंधरा दिवसांतून एक लेख बाहेरच्या माणसाने लाल पेनाने तपासलेला असावा.

वेळेचा हिशेब: एका विषयाला वर्षाला साधारण १२० तास धरतात. रोज पाऊण तास, आठवड्याचे पाच दिवस, ३६ आठवडे केले तर १३५ होतात, म्हणजे आजारपण-पाहुण्यांसाठी १५ तास हाताशी राहतात. पाच विषयांना रोजचे पावणेचार तास. त्यात तुमचा स्वतःचा तास-दीड तास तपासण्यात जातो. दोघेही दिवसभर बाहेर असाल आणि रात्री थकून तपासणार असाल, तर आधी दोन महिने तसे करून पाहा, मगच नववीचे ठरवा.

प्रश्न : घरी प्रयोगशाळा नाही. विज्ञानाचे प्रयोग कसे करायचे?

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: प्रयोग शिकणे आणि प्रात्यक्षिक परीक्षा देणे. दुसरी मंडळावर अवलंबून आहे. केंब्रिज मंडळाच्या आयजीसीएसई (साधारण दहावीच्या) पातळीवर भौतिकशास्त्रात प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पर्यायी प्रश्नपत्रिका घेता येते. त्यापुढच्या ‘एएस’ (साधारण अकरावीच्या) पातळीवर ती सोय नाही, प्रयोग केंद्रावर जाऊन हाताने करावाच लागतो. अकरावीत विज्ञान घ्यायचे तर हा फरक दहावीतच माहीत हवा.

शिकण्यापुरते बरेच घरी होते. लंबक घ्या. दोऱ्याची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळीच्या *मध्यापर्यंत* १ मीटर, झोका लहान (दहा अंशांच्या आत). २० दोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात. चूक हमखास एकच होते: गोळी सोडताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटले जाते. मग प्रत्यक्षात १९ दोलने होतात, वेळ ३८ सेकंद भरतो आणि गुरुत्वत्वरण ९.८ऐवजी १०.९च्या आसपास येते. ही चूक मुलाला एकदा होऊ द्या आणि त्यालाच शोधायला लावा. चुकीचे कारण शोधणे हाच प्रयोगाचा अर्धा अभ्यास असतो, आणि लेखी पर्यायी प्रश्नपत्रिकेतही नेमके तेच विचारतात.

रसायनशास्त्रात अनुमापनासाठी (एका द्रावणात दुसरे थेंबाथेंबाने सोडून त्याची तीव्रता मोजण्यासाठी) ५० मिलीचे ब्युरेट (तोटीची मोजनळी), १० मिलीचे पिपेट (ठरावीक माप उचलणारी नळी), शंकूपात्र आणि १०० मिलीचे मोजपात्र लागते. साधे व्हिनेगर १० मिली घेऊन पाण्याने १०० मिली करा. त्यातले १० मिली शंकूपात्रात, फिनॉल्फ्थेलिनचे (रंग बदलून आम्ल संपल्याचे दाखवणाऱ्या सूचकाचे) दोन-तीन थेंब. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे २५० मिली द्रावणात १ ग्रॅम. व्हिनेगर ५ टक्क्यांचे असेल तर ८ ते ९ मिलीच्या दरम्यान फिकट गुलाबी रंग टिकतो. रंग गडद झाला म्हणजे पुढे गेलात. दर वेळी आकडा वेगळा आला तर तोटीखालचा हवेचा बुडबुडा पाहा. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला ओलावा ओढते, म्हणून ‘१ ग्रॅम’ हा नेहमी थोडा कमीच असतो. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि हायड्रॉक्साइड पाण्यात टाकायचे, त्याच्यावर पाणी ओतायचे नाही. तीव्र आम्ले घरात आणू नका. ते प्रयोग एखाद्या महाविद्यालयात चार-पाच दिवस सलग करून घेता येतात का ते विचारा.

प्रश्न : आम्हीच दिलेले गुण विद्यापीठ मानेल का?

उत्तर : एकटे गुण मानत नाहीत. आईने लिहिलेले ‘९५’ कितीही खरे असले तरी वाचणाऱ्याला तपासता येत नाही. त्याच्या शेजारी बाहेरच्या परीक्षेतला एक तरी आकडा हवा, म्हणजे उरलेल्यांनाही वजन येते. प्रत्येक विषयाचे एक पान ठेवा: पुस्तकाचे नाव आणि आवृत्ती, झालेली प्रकरणे, तास, मूल्यमापन कसे केले, तपासलेले दोन नमुने. हे पान दर तिमाहीला भरायचे. बारावीच्या शेवटी चार वर्षांचे एकदम लिहायला बसलेल्यांना पुस्तकाची आवृत्तीही आठवत नाही, आणि तपासलेल्या वह्या तोवर रद्दीत गेलेल्या असतात.

प्रश्न : मध्येच जमले नाही तर शाळेत परत जाता येते का?

उत्तर : येते, पण नववीच्या किंवा अकरावीच्या सुरुवातीला. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या मध्यावर शाळा नाखूश असतात. अंतर्गत गुण रिकामे राहतात आणि धड्यांचा क्रमही जुळत नाही. म्हणून दहावीची परीक्षा झाली की थांबून मुलीलाच विचारा. पुढची दोन वर्षे तिला घरी नको असतील तर ती जागा सर्वांत सोयीची आहे, आणि शाळेत मागितला जाणारा दाखला तेव्हा तिच्या हातात असतो.